गाठी, सौदा, आकडा, पत्ता

स्मरणिकेसाठी लेख पाठव, असा निरोप आला तेव्हा आपल्या तुकडीतल्या बऱ्याच जणांना वाटलं असेल, की ही कॉम्प्युटरवाली, ही यंत्रांबद्दलच काहीतरी लिहिणार. पण गेली वीस वर्षं मी ज्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते आहे तो धंदा यंत्रांपेक्षा फार जुना आहे. तो म्हणजे वायदेबाजार. दलालांकडून आलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी एक्स्चेंजपर्यंत पोचवायच्या आणि झालेल्या सौद्याचा निरोप परत आणायचा, असं माझ्या कामाचं साधं स्वरूप आहे. या कामात एका पत्त्यांच्या खेळाशी ओळख झाली. तो खेळ समजून घेताना मुंबईचा कापूस, गिरणगाव आणि आपली अंधेरी यांचा एक सलग धागा हाताला लागला. इतिहासाच्या बाईंनी हा लेख वाचावा, अशी मनापासून इच्छा आहे. बाई नेहमी विचारायच्या, ‘सन सांगितलंस, कारण कुठे आहे?’ या वेळी कारणंही जमवून आणली आहेत.

खड्ड्यातला खेळ

खेळाचं नाव ‘पिट’. पिट म्हणजे खड्डा. शिकागोच्या धान्यबाजारात दलाल पायऱ्यापायऱ्यांच्या एका खोलगट, अष्टकोनी जागेत उभे राहून सौदे करत. तिला पिट म्हणत. १९०४ साली पार्कर ब्रदर्स या अमेरिकन कंपनीने हा खेळ बाजारात आणला. हीच कंपनी १९३५ पासून मोनॉपॉली विकू लागली, आणि मे महिन्याच्या सुट्टीत आपण ज्यावर भांडायचो तो ‘व्यापार’ हा त्या मोनॉपॉलीचाच देशी अवतार. पिटची कल्पना केंटकी राज्यातल्या एडगर केसी यांची मानली जाते. हे गृहस्थ पुढे झोपेत भविष्य सांगणारे म्हणून प्रसिद्ध झाले! त्याच्या एक वर्ष आधी, १९०३ मध्ये, कॅन्ससमधल्या हॅरी गॅव्हिट यांनी शेअरबाजारावरचा अशाच धर्तीचा एक खेळ काढला होता.

खेळ असा. जितके खेळणारे तितके माल: गहू, मका, ओट, बार्ली वगैरे. प्रत्येक मालाचे नऊ पत्ते. सगळे पिसून वाटले की प्रत्येकाच्या हातात नऊ पत्ते येतात, पण मिसळ. एकाच मालाचे नऊच्या नऊ पत्ते जमवायचे आणि जमले की घंटा वाजवायची. गव्हाचे १०० गुण, मक्याचे ७५, ओटचे ६०. जो आधी ५०० करेल तो जिंकला.

पत्ते जमवायचे कसे, तर ओरडून. इथे कोणाची पाळी नसते. सगळे एकाच वेळी ओरडतात. तुम्हाला नको असलेले ओटचे तीन पत्ते असतील तर ते पालथे धरायचे आणि ‘तीन! तीन! तीन!’ असं ओरडायचं. समोर दुसरा कोणी ‘तीन’ ओरडत असेल तर त्याच्याशी अदलाबदल. तुमच्या हातात काय आलं ते घेतल्यावरच कळतं. शिवाय दोन खास पत्ते आहेत, बैल आणि अस्वल. बैल म्हणजे तेजीवाला. तो कोणत्याही मालाच्या नवव्या पत्त्याची जागा घेतो. अस्वल म्हणजे मंदीवाला. ते हातात असताना जिंकता येत नाही. डाव संपताना दुसऱ्याने घंटा वाजवली आणि यातला एक पत्ता तुमच्याकडे राहिला, तर २० गुण कापले जातात. म्हणून प्रत्येक जण अस्वल दोन पत्त्यांत लपवून निरागस चेहऱ्याने दुसऱ्याच्या गळ्यात मारायला बघतो.

वाचताना तुम्हाला आपला ऑफ तासाचा चिठ्ठ्यांचा खेळ आठवला असेल. वहीचं मागचं पान फाडून केलेल्या चिठ्ठ्या, आंबा, पेरू, चिकू, केळं, प्रत्येकाची चार नावं. एकेक चिठ्ठी शेजारच्याला सरकवत जायची, चार सारख्या झाल्या की हात खाली. शेवटी हात ठेवणारा गाढव. दोन्ही खेळांची जात एकच. फरक इतकाच, की आपला खेळ गुपचूप चालायचा, कारण शेजारच्या वर्गावर सर असायचे. पिट गुपचूप खेळताच येत नाही.

मला हा खेळ एका सहकाऱ्याने दाखवला. तो परदेशातून डबा घेऊन आला होता, आणि नव्याने रुजू झालेल्या पोरांना बाजार कसा चालतो ते समजावं म्हणून जेवणाच्या सुट्टीत खेळवायचा. पाच मिनिटांत ती पोरं घसा बसेपर्यंत ओरडत होती. मी खेळले तेव्हा मला मात्र काही गोष्टी खटकल्या. हा बाजाराचा खेळ, पण यात भाव नाही. पैसे नाहीत. ओरडणारा आकडा सांगतो, मालाचं नाव सांगत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गव्हाचे पत्ते नऊ म्हणजे नऊच. कोणी पेरत नाही, कोणाचं पीक बुडत नाही, कुठल्या कोठारात काही कुजत नाही. दहावा पत्ता बाहेरून येत नाही.

पुढचं सगळं या दहाव्या पत्त्याबद्दल आहे.

शिकागोचा दहावा पत्ता

एकाच मालाचा सगळा साठा स्वतःच्या ताब्यात घेऊन बाजाराची नाडी आवळणं याला तिकडे ‘कॉर्नर’ म्हणतात. पिटमध्ये घंटा वाजवणारा हेच करतो. खेळ निघण्याच्या काही वर्षं आधी शिकागोत हे खरोखर घडलं होतं. १८९७-९८ मध्ये जोसेफ लायटर या तरुण वारसदाराने गव्हाचा कॉर्नर करायला घेतला. शिकागोतला गहू आणि पुढच्या वायद्यांचा गहू तो विकत घेत सुटला. ज्यांनी त्याला गहू द्यायचं कबूल केलं होतं, त्यांना तो त्याच्याकडूनच चढ्या भावाने घ्यावा लागेल, असं त्याचं गणित होतं.

त्याच्यासमोर होते फिलिप आर्मर नावाचे मुरलेले व्यापारी. हिवाळा सुरू झाला होता, उत्तरेची मोठी सरोवरं गोठत चालली होती. आता बाहेरून गहू येणं अशक्य, असं सगळ्यांनी धरलं होतं. आर्मर यांनी बर्फ फोडणाऱ्या बोटी पुढे घालून गव्हाची जहाजं शिकागोला आणली. दहावा पत्ता आला! लायटरने तरीही काही महिने तग धरला, पण १८९८ च्या जूनमध्ये नवं पीक समोर दिसायला लागल्यावर त्याचा डाव कोसळला आणि देणी वडिलांना भागवावी लागली. या प्रकरणावरून फ्रँक नॉरिस यांनी ‘द पिट’ ही कादंबरी लिहिली. ती १९०३ मध्ये आली, आणि पुढच्याच वर्षी हा खेळ.

कापसाची मुंबई

शिकागोचा गहू तसा मुंबईचा कापूस. आणि मुंबईचा डाव शिकागोच्या तीस वर्षं आधीचा आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं. वऱ्हाड, खानदेश, गुजरात इथला कापूस मुंबई बंदरातून जात होता. भाव कित्येक पट चढला. त्या काळात लोकांनी घरच्या गाद्या उसवून कापूस विकल्याची आठवण सांगितली जाते.

आलेला पैसा कुठेतरी जिरायला हवा होता. रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरवर तर उड्या पडल्या. या सगळ्याच्या केंद्रस्थानी होते दलाल प्रेमचंद रायचंद. व्यवहार रोखीचे नव्हते, वायद्याचे होते. म्हणजे आज भाव ठरवायचा, माल आणि पैसा पुढच्या तारखेला. पुष्कळांच्या वायद्याची तारीख एकच होती, १ जुलै १८६५.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार, ही बातमी मुंबईत पोचली आणि भाव घसरत गेला. पुन्हा तोच दहावा पत्ता! १ जुलैला देणी द्यायला पैसा कोणाकडेच नव्हता. बडी बडी घराणी बुडाली, कंपन्या बंद झाल्या, जुनी बँक ऑफ बॉम्बेसुद्धा पुढे गुंडाळावी लागली. प्रेमचंद रायचंदही बुडाले, पण नंतर सावरले. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. काहींनी तर त्याच्या सावलीत परीक्षेचे निकाल पाहिले आहेत. दिनशा वाच्छा यांनी या काळावर १९१० मध्ये एक आख्खं पुस्तक लिहून ठेवलं आहे.

पण कापूस टिकला, आणि बाजारही. १८७५ मध्ये कापूस व्यापाऱ्यांची पहिली संघटना झाली. १९२१ मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन आली. कुलाब्याला गाठींच्या थप्पी लागायच्या ते ‘कॉटन ग्रीन’ शिवडीला हललं. हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन स्टेशन तिथलंच. हिरवळीचा तिथे मागमूस नाही, म्हणून शाळेत असताना आपण त्या नावाला हसायचो.

रुमालाखालचा भाव

इथे एक आडवाट घेते, कारण आतापर्यंत कापूस पिकवणारा माणूस गोष्टीत आलाच नाही.

शिकागोत सौदा ओरडून व्हायचा. आपल्याकडे तो मुकाट्याने व्हायचा. बैलबाजारात ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल: दोन माणसं एकमेकांचा हात हातात घेतात, वर रुमाल किंवा उपरण्याचं टोक टाकतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. शेतमालाच्या बाजारातही हीच रीत होती. दोन दलालांची बोटं बोलायची आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा. आपल्या मालाला कोणी किती म्हटलं, हे त्याला कळायला मार्गच नव्हता.

म्हणून १८८६ मध्ये वऱ्हाडातल्या कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्यबाजाराचा कायदा आला. आजच्या बाजार समित्यांचं मूळ तिथे आहे. यात इंग्रजांचा परोपकार थोडा आणि लँकेशायरला चांगला, निर्भेळ कापूस हवा होता हे कारण मोठं. तरी उघड लिलाव, प्रमाणित वजनं, ठरलेली दलाली या गोष्टी हळूहळू रुजत गेल्या. उघडपणे पुकारलेला भाव ही शेतकऱ्याच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला कारंज्याचा इतिहास वाचल्यावर कळलं. पिटमधला गोंगाट मला तेव्हापासून निव्वळ गोंगाट वाटत नाही.

माल गेला, आकडा राहिला

आता गिरणगावात येऊ. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये वायदेबाजाराचा कायदा झाला. त्याने ‘तेजी-मंदी’ या नावाने चालणारे ऑप्शनचे व्यवहार बंद केले. १९६६ मध्ये तर कापसासह बहुतेक मालांचे वायदेच बंद झाले. तुटवड्याचा काळ होता, आणि साठेबाजी वाढते अशी सरकारची भीती होती.

पण बाजाराच्या कडेकडेने तोवर वेगळंच काही सुरू झालं होतं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी काय भाव निघाला, ते मुंबईच्या कापूस बाजारात टेलिप्रिंटरवर येत असे. लोक त्या आकड्यांवर पैसे लावू लागले. ज्याने पैसे लावले त्याला कापूस नको होता, त्याच्याकडे कापूस नव्हता, कापसाचा भाव वाढावा की पडावा याच्याशीही त्याला देणंघेणं नव्हतं. शेवटचा आकडा आपला निघावा, एवढंच.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कहून ते भाव येणं बंद झालं. जुगार तिथेच संपला असता, पण झालं उलटंच. १९६२ मध्ये वरळीला कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतःचेच आकडे काढायला सुरुवात केली. आधी मडक्यातून चिठ्ठ्या काढत, म्हणून ‘मटका’. पुढे मडकं गेलं आणि पत्त्यांचा जोड आला. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा अंक तो आकडा. दिवसातून दोनदा. पण त्या दोन वेळांची नावं मात्र तीच राहिली, ‘ओपन’ आणि ‘क्लोज’. म्हणजे न्यूयॉर्कचा बाजार उघडतानाचा भाव आणि बंद होतानाचा भाव! कापूस कधीच गेला होता, त्याची सावली शब्दांत उरली होती.

मला या इतिहासात हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते. आधी गाठी होत्या. मग गाठींचा सौदा झाला. मग सौद्याचा नुसता आकडा उरला. शेवटी आकड्यासाठी पत्ता. शिकागोच्या बाजारावरून एका कंपनीने पोरांसाठी पत्त्यांचा खेळ केला, त्यात हरणाऱ्याचे २० गुण जायचे. मुंबईने आपल्या कापूस बाजारातून पत्त्यांचा खेळ स्वतःच घडवला, आणि त्यात पगार जायचा.

आणि खेळणारे कोण? मुख्यतः गिरणी कामगार. दिवसभर साच्यावर उभं राहून ज्यांनी त्या कापसाचं कापड विणलं, तेच संध्याकाळी त्या कापसाच्या सावलीवर रुपया-दोन रुपये लावायचे. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. ते आकडा लावायचे का, हे मी आजीला दोन-तीनदा विचारलं होतं. आजी विषय बदलायची. ‘पगाराच्या दिवशी मी गिरणीच्या गेटावर जाऊन उभी राहायचे,’ एवढंच एकदा म्हणाली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांसाठी गिरणीचं दार पुन्हा नीट उघडलं नाही. त्यानंतरच्या वर्षांत चाळीतली खोली विकून कोणी अंधेरीला आलं, कोणी बोरिवलीला, कोणी मुलुंडला. आपल्या वर्गाचा हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. त्यातली किती घरं लालबाग-परळहून आली होती?

अंधेरीत आलेला बाजार

आपली दहावी १९९४ ची. त्याच वर्षी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने पडद्यावर शेअरचे सौदे सुरू केले. १४ मार्च १९९५ ला मुंबई शेअर बाजारात ‘बोल्ट’ ही संगणक यंत्रणा आली आणि दलाल स्ट्रीटच्या रिंगमधला आरडाओरडा थांबला. शिकागोच्या बहुतेक पिट २०१५ च्या जुलैमध्ये बंद झाल्या. खेळ मागे राहिला, ज्यावरून तो काढला तो गोंगाट संपला.

२००३ मध्ये सरकारने मालाच्या वायद्यांवरची बंदी उठवली. त्या नोव्हेंबरात एमसीएक्स सुरू झालं, डिसेंबरात एनसीडीईएक्स. एमसीएक्सची इमारत आपल्या चकाल्याला, सुरेन रोडवर आहे. एनसीडीईएक्सचं कार्यालय मुलुंड आणि घाटकोपरच्या मध्ये, कांजुरमार्गला. सोनं, चांदी, तांबं, कच्चं तेल, कापूस यांचे भाव आज देशभर जे पुकारले जातात ते आपल्या उपनगरातून. आत कोणी ओरडत नाही. वातानुकूलन यंत्रांची घरघर सोडली तर शांतता असते. पण नियम पिटचाच: मला एवढं हवं, तुला एवढं द्यायचंय, जुळलं की सौदा.

हा बाजार मटका आहे का, असं मला घरच्यांनीही विचारलं आहे. माझं उत्तर, नाही. जिनिंगवाल्याने आज कापूस घेतला आणि गाठी विकायला दोन महिने लागणार असतील, तर मधल्या काळात भाव पडण्याचा धोका तो वायदा विकून दुसऱ्यावर सोपवू शकतो. हा एक प्रकारचा विमाच आहे. सरकारला मात्र अजूनही धास्ती वाटते. डिसेंबर २०२१ मध्ये गहू, हरभरा, सोयाबीन यांसह सात शेतमालांचे वायदे थांबवले गेले. पिटमधला १०० गुणांचा गहू आपल्याकडे पुन्हा डब्यात गेला.

सौद्यामागे माल असतो याचा सगळ्यात कडक पुरावा २० एप्रिल २०२० ला मिळाला. टाळेबंदीत विमानं, गाड्या बंद. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या कुशिंग गावच्या तेलाच्या टाक्या भरत आल्या होत्या. मे महिन्याचं तेल ज्यांनी घेऊन ठेवलं होतं त्यांना ते ठेवायला जागा मिळेना. न्यूयॉर्कमध्ये भाव शून्याच्या खाली गेला आणि पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. म्हणजे तेल घ्या आणि वर पैसेही घ्या! अंधेरीचा बाजार टाळेबंदीमुळे त्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद झाला होता. इथला वायदा न्यूयॉर्कच्या भावाने मिटतो. तो शेवटी पिंपाला उणे २,८८४ रुपयांनी मिटवला गेला. एक सौदा १०० पिंपांचा. प्रकरण कोर्टात गेलं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या जगात तो दिवस कोणी विसरणार नाही. भावाच्या रकान्यात उणे चिन्ह येऊ शकतं, हे जगभरच्या कित्येक यंत्रणांनी गृहीतच धरलं नव्हतं. इथे कोणाच्याही दारात तेलाचं पिंप येणार नव्हतं, सगळा व्यवहार पैशांत मिटणार होता. तरीही हजारो मैलांवरच्या भरलेल्या टाक्यांनी इथल्या माणसाचा खिसा रिकामा केला. पत्त्यांच्या खेळात कोठार लागत नाही. खऱ्या बाजारात लागतं.

आपल्या ग्रुपवरचा गोंगाट

हे सगळं स्मरणिकेत कशाला, असं वाटेल. कारण सांगते. आपल्या तुकडीच्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या मधूनमधून हल्ली ऑप्शनच्या ‘टिपा’ येतात. आज अमुक घ्या, दुपारी विका. मागच्या वर्षी आपल्यातल्या एकाने मला रात्री उशिरा फोन केला. ‘तू याच धंद्यात आहेस ना, म्हणून विचारतो,’ म्हणाला. मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे गेले होते. घरी सांगितलं नव्हतं. मी त्याला पैसे परत मिळवण्याची युक्ती सांगू शकले नाही, कारण तशी युक्ती नसते. त्याच्या बायकोला सांगताना मात्र मी बरोबर गेले. त्याच्या परवानगीने हे लिहिते आहे, बाकी काही ओळख देत नाही.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शेअरबाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शनमध्ये तीन आर्थिक वर्षांत, २०२१-२२ ते २०२३-२४, एक कोटीहून जास्त सामान्य लोकांनी व्यवहार केले. त्यातल्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला. सरासरी माणशी सुमारे २ लाख रुपये. सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर.

निर्देशांकामागे खऱ्या कंपन्या असतात, हे मला माहीत आहे. पण एक्स्पायरीच्या दुपारी फोनवर डोळे लावून बसलेल्या माणसाला ना त्या कंपन्यांचं काही घ्यायचं असतं, ना द्यायचं. त्याला शेवटचा आकडा हवा असतो. ओपन आणि क्लोज. आजी गिरणीच्या गेटावर उभी राहू शकत होती, कारण पगार रोख मिळायचा आणि गेट एकच होतं. आज गेट खिशात आहे.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, कोणतीही टीप आली की एकच प्रश्न विचारा: माझ्या या सौद्यामागे मला खरोखर घ्यायचा किंवा द्यायचा माल आहे का? असेल तर तो बाजार. नसेल तर आपण फक्त ‘तीन! तीन!’ ओरडतो आहोत, आणि समोरच्याच्या पालथ्या पत्त्यांत अस्वल असण्याची शक्यता शंभरात त्र्याण्णव आहे.

मेळाव्यासाठी एक सूचना

मेळाव्याच्या दुपारी, जेवणानंतर, सहा-सहा जणांचे गट करून हा खेळ खेळूया. विकतचा डबा लागणार नाही. पत्ते मी कापून आणते. माल आपले: कापूस, गहू, ज्वारी, तूर, हळद, गूळ. प्रत्येकी नऊ, म्हणजे चोपन्न पत्ते. शिवाय एक बैल, एक अस्वल.

मूळ खेळात नसलेला एक नियम मी घातला आहे. प्रत्येक गटाबाहेर आपले एक सर किंवा बाई उभ्या राहतील. त्यांच्या हातात सहाही मालांचा दहावा पत्ता असेल. त्यांच्या मनाला येईल तेव्हा, न सांगता, त्यातला एक त्यांनी मध्ये टाकायचा. ज्या मालाचा पत्ता पडला त्याचे नऊ जमवून आता भागणार नाही, दहा लागतील. पहिल्या बाकावरच्यांनी आधीच तक्रार करू नये. शिकागोच्या लायटरलाही कोणी सांगितलं नव्हतं.

फक्त घंटेची सोय करायची आहे. शिपाईकाका ज्या पितळी टोल्यावर मधली सुट्टी द्यायचे तो अजून ऑफिसबाहेर टांगलेला आहे, असं कळलं. मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी कोणीतरी काढा.